समाजशास्त्राचा पहिला प्रोजेक्ट: व्याख्या राहू द्या, आधी प्रश्न पकडा

समाजशास्त्राची सुरुवात बहुतेक जण व्याख्या पाठ करून करतात आणि दुसऱ्या धड्यापर्यंत कंटाळतात. कार्यवाद म्हणजे हे, संघर्षवाद म्हणजे ते, चार ओळी पेपरात उतरवल्या की विषय संपला. त्यापेक्षा उलटं करून बघा. डोळ्यासमोरचा एक साधा प्रश्न घ्या आणि प्रत्येक थिअरीला विचारा, बाबा तुझं यावर काय म्हणणं आहे?

आपण घेऊ, वर्गात कोण कुठे बसतं. जागा कोणी ठरवून दिलेल्या नसतात तरी पंधरा दिवसांत त्या पक्क्या होतात, पुढे तेच, मागे तेच, आणि नवीन आलेलं कोणी चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलं की सगळा वर्ग माना वळवून बघतो.

कार्यवादवाला म्हणेल, ठरलेल्या जागांमुळे रोजची भांडणं वाचतात, म्हणजे या व्यवस्थेचं काहीतरी काम आहे. ही लाईन एमिल दुर्खीमपासून चालत आलीय आणि रॉबर्ट मर्टनने १९४९ मध्ये त्यात एक फार कामाची भर घातली, उघड कार्य आणि सुप्त कार्य. शाळेचं उघड काम शिकवणं, पण वेळ पाळणं, रांगेत थांबणं, परक्या माणसाचं ऐकणं हेही आपण तिथेच शिकतो आणि ते कुठल्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

संघर्षवादी, म्हणजे कार्ल मार्क्सच्या वळणाचे लोक, विचारतील की यात फायदा कोणाचा? चांगली जागा कोणाला मिळते, आणि कोणाला उठवलं तर तो गपचूप उठतो? मॅक्स वेबरने यात म्हटलं की नुसता पैसा बघून चालणार नाही, प्रतिष्ठा आणि सत्ता वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि वर्गात बघाल तर ते पटतंच.

तिसरा प्रतीकात्मक आंतरक्रियावाद. नाव ऐकून घाबरू नका, विचार जॉर्ज हर्बर्ट मीडचा आणि १९३७ मध्ये हे लांबलचक नाव दिलं हर्बर्ट ब्लूमरने. याला आकडे कमी आणि अर्थ जास्त हवेत. ‘मागच्या बाकावरची’ असं एकदा म्हटलं की शिक्षक तिच्याशी कसे बोलतात, आणि हळूहळू ती स्वतःही तशीच का वागायला लागते?

उत्तरात ‘तिन्ही सिद्धांत आपापल्या जागी बरोबर आहेत’ असं लिहून सुटका करून घेऊ नका, ते लिहिलं काय न लिहिलं काय सारखंच. कोण कुठे कमी पडतो ते लिहा. कार्यवाद जे आहे ते बरंच आहे म्हणत राहतो, संघर्षवादाला जिथेतिथे ओढाताणच दिसते, आणि तिसरा समोरासमोरच्या वागण्यात इतका रमतो की मोठी रचना विसरतो.

आता संशोधन. ‘मुलं मागे का बसतात’ हा प्रश्न फार ढोबळ आहे, यावर काय मोजणार? तो असा आवळा: जागा स्वतः निवडता आली तर मुलं मैत्री असलेल्यांजवळ बसतात का? पण मग मैत्री कशी मोजायची ते आधी ठरवावं लागतं. एक जुनी सोपी रीत आहे, जेकब मोरेनोने १९३०च्या दशकात वापरलेली. प्रत्येकाला सुट्टीत ज्यांच्यासोबत असतो अशी तीन नावं लिहायला सांगायची आणि बाणांनी नकाशा काढायचा. जपून हां, या नकाशात एखाद्याकडे एकही बाण जात नाही, आणि तो कागद वर्गात फिरला तर त्या मुलाचं काय होईल? म्हणून नावांऐवजी नंबर वापरा, यादी शिक्षकांकडे ठेवा, आधी परवानगी घ्या, आणि ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला कारण विचारू नका.

दुसरीकडे आठवडाभर एकाच तासाला, जिथे जागेची सक्ती नाही अशा तासाला, कोण कुठे बसलंय ते टिपा. नुसती प्रश्नावली का नको? कारण माणसं सांगतात एक आणि करतात एक. रिचर्ड लापिएरचा १९३४ मध्ये छापलेला अभ्यास बघा. अमेरिकेत चिनी लोकांविरुद्ध उघड पूर्वग्रह असताना तो एका चिनी जोडप्यासोबत फिरला, २५१ हॉटेलं आणि खानावळींमधून त्यांना फक्त एकदाच नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं की चिनी पाहुणे घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हटलं! नुसती पत्रंच वाचली असती तर निष्कर्ष उलटाच निघाला असता. (पत्राला उत्तर देणारा आणि दारात भेटलेला माणूस एकच होता का, हा प्रश्नही लोकांनी विचारलाय, आणि रास्त आहे.)

प्रश्नावली करायचीच असेल तर ‘मागे बसणाऱ्यांचं अभ्यासात लक्ष नसतं असं तुम्हाला वाटत नाही का?’ असला प्रश्न नको, त्यात उत्तर आधीच भरलंय. ‘मागच्या आठवड्यात तुम्ही किती दिवस मागच्या दोन रांगांत बसलात?’ हे बरं.

नमुन्याबाबत, म्हणजे सगळ्यांऐवजी ज्या थोड्यांना विचारायचं त्यांच्याबाबत, एकच गोष्ट डोक्यात ठेवा, मोठा म्हणजे चांगला असं नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रं पाठवली, २० लाखांवर परत आली, त्यावरून आल्फ्रेड लँडन हा उमेदवार जिंकणार म्हणून सांगितलं, आणि त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, म्हणजे त्या मंदीच्या काळात पैसेवाल्यांकडे झुकलेले, वर उत्तर पाठवणारेही उत्साही तेवढेच. तुम्ही फक्त आपल्या ग्रुपला फॉर्म पाठवता तेव्हा छोट्या प्रमाणात हेच करता. त्यापेक्षा हजेरीचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून उचला, वीस निघाले तरी चालतील.

निकाल लिहिताना ‘६० टक्के’ एवढंच लिहू नका, ‘२० पैकी १२’ असं लिहा म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येतो. आणि मागे बसणाऱ्यांना मार्क कमी दिसले तर लगेच मागे बसल्यामुळे कमी पडले असं ठोकून देऊ नका. कदाचित ज्यांना आधीच कमी मिळतात तेच मागे जात असतील, कदाचित उंच मुलांना मागे पाठवलेलं असेल. यातलं काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही ते मर्यादांच्या भागात सरळ लिहा, आणि तो भाग दोन ओळींत उरकू नका, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुतेक तिथलाच येतो.