पहिले वाद्य : सतार घेतली, पेटीवर आले

सदतिसाव्या वर्षी मी सतार शिकायचे ठरवले तेव्हा भेटेल त्याने मला बोटांची भीती घातली. बोटे कापतील, घट्टे पडायला वेळ लागेल, भांडी घासताना आग होईल, असे बरेच काही मी ऐकून घेतले. बोटांचे पुढे काहीही झाले नाही. दुसऱ्या महिन्यात ती तयार झाली आणि तार छेडायची नखीसुद्धा बोटात नीट बसू लागली. मी अडकले ती भलत्याच जागी, आणि त्या जागेविषयी मला आधी कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. म्हणून आता पहिले वाद्य कोणते घ्यावे असे कोणी विचारले, तर मी त्याची आवड किंवा बजेट विचारत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर वाद्य हातात घेतल्यापासून पहिला खरा स्वर निघेपर्यंत किती मिनिटे जातील आणि तो स्वर खरा आहे की नाही हे तुमच्या घरात कोणाला कळेल, एवढे दोनच प्रश्न मी विचारते.

आमच्या भांडुपच्या घरात माळ्यावर पेटी, म्हणजे हार्मोनियम, होती. सासूबाई वीस वर्षे भजनी मंडळात गात आल्या आहेत आणि ती पेटी त्यांच्या मंडळाची जुनी, खर्ज-नर (जाड आणि मधल्या) सुरांची, भात्याला एका बाजूने पट्टी चिकटवलेली अशी होती. माझ्या मनात मात्र पेटीविषयी एक अढी होती. पेटीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, श्रुती (स्वरांमधली बारीक अंतरे) नाहीत, ते साथीचे वाद्य आहे, हे मी इतक्यांदा ऐकले होते की ते माझेच मत असल्यासारखे झाले होते. ही अढी काही आजची नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली आणि १९७१ सालापर्यंत ती बंदी उठली नाही. एवढे मोठे लोक नाक मुरडत होते म्हटल्यावर मी का मुरडू नये? मी एका सकाळच्या मैफलीत सतार ऐकली, आलापातली पहिली दीर्घ मींड ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि पुढच्याच शनिवारी मी बावीस हजार रुपये मोजून सतार घरी आणली.

सतार चांगली होती, हे आधी सांगून टाकते. ती मिरजेची होती; ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावच्या कारागिराने घडवलेल्या वाद्याला नावे ठेवण्याची माझी पात्रता नाही. दोष वाद्यात नव्हता, ते वाद्य लावणाऱ्या कानात होता.

माझ्या सतारीला सात मुख्य तारा आणि अकरा तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा), म्हणजे अठरा खुंट्या. शिकवणीच्या दिवशी शिक्षक सतार मांडीवर घ्यायचे, बोलता बोलता चार-पाच मिनिटांत लावायचे आणि माझ्या हातात द्यायचे. त्या लागलेल्या सतारीवर मी सारेगम, अलंकार, दोन गती (तालात बांधलेल्या रचना) अशी सरळ पुढे गेले आणि मला वाटले की मला सतार येऊ लागली आहे. घरी मात्र मंगळवारी रात्री पावणेनऊला मी सतारीवरची खोळ काढली की जोडाची तार (‘सा’वर लावायची मुख्य तार) उतरलेली असायची. ती चढवली की तिचा ताण तबलीवर (भोपळ्यावरच्या फळीवर) आणि दांडीवर येऊन बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार हलायची. बाज मध्यमावर (‘म’वर) आणला की चिकारी (कडेच्या उंच स्वराच्या तारा) बोंबलायची. आणि तरफांपर्यंत पोचेपर्यंत जोड पुन्हा उतरलेला असायचा. जुलैत तर हवेतल्या ओलाव्याने खुंट्या फुगून इतक्या घट्ट झाल्या की त्या आधी फिरायच्याच नाहीत आणि फिरल्या की एकदम गरकन एक स्वर पुढे जायच्या. तरफांच्या पोलादी तारांवर भांडुपच्या पावसाळ्याने तांबूस पूड चढवली, ती बोटाला लागायची. मी तेव्हा सरावाची डायरी ठेवत असे. अकरा आठवड्यांत मी चौदा संध्याकाळी घरी सतारीला बसले आणि त्यांपैकी नऊ संध्याकाळींपुढे मी फक्त ‘लावली’ असे लिहिले आहे. त्या नऊ संध्याकाळी एकही पलटा वाजला नाही, कारण अर्ध्या तासातली बावीस-पंचवीस मिनिटे लावण्यात गेली आणि उरलेल्या वेळात कुकर लावायचा होता.

या ठिकाणी कोणीही सुज्ञ माणूस म्हणेल की फोनवर ट्यूनर घ्यावा. मी घेतला होता, आणि खरा सापळा तिथेच होता, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. कोणत्याही तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे अंशही वाजत असतात. तार षड्जावर (‘सा’वर) असेल तर तिपटीचा अंश म्हणजे वरचा पंचम (‘प’) आणि पाचपटीचा म्हणजे गंधार (‘ग’), जो तंबोऱ्यात स्वयंभू गंधार म्हणून ऐकू येतो. सतारीची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) जवारी काढून, म्हणजे वरून घासून, मुद्दाम अशी केलेली असते की हे अंश उमलून बाहेर यावेत. सतारीचा तो झंकार म्हणजे हेच. आता फोनला झंकार कळत नाही, त्याला जो अंश जोरात ऐकू येतो त्याचे नाव तो पडद्यावर लिहितो. एका रात्री माझी जोडाची तार षड्जावर बरोबर होती, पण फोनने तिच्यातला पंचम पकडला आणि काटा पंचमावर दाखवला. मला वाटले की तार खाली राहिली आहे. मी ती चढवत गेले. फोनवर ‘सा’ उमटावा यासाठी ती तार मध्यमापर्यंत जायला हवी होती, म्हणजे तिच्यातला तिपटीचा अंश षड्जावर आला असता. पण त्याच्या अलीकडेच ती पितळी तार तुटली आणि माझ्या मनगटावर एक बारीक लाल रेघ उमटवून गेली. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, “अगं, मघाशी लागली होती की! कशाला पिळत बसलीस?”

तार तुटण्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागले. फोडणीच्या आवाजात, भिंतीपलीकडून, सतार कधीही हातात न धरलेल्या बाईला जे ऐकू आले, ते सतार मांडीवर असलेल्या मला ऐकू आले नव्हते. बोटे शिकत होती, पण कान जिथे होता तिथेच होता. शिक्षकांनी लावलेली सतार आणि फोनने दाखवलेला काटा या दोहोंनी मिळून मला ऐकण्याच्या कामातून पूर्ण मोकळे केले होते. म्हणूनच मी स्पष्ट सांगते की जो शिक्षक पहिल्या महिन्यापासून तुमच्याकडून निदान एक तार तरी लावून घेत नाही, तो कितीही मोठा वादक असला तरी नवशिक्यासाठी चांगला शिक्षक नाही. माझे शिक्षक प्रेमळ होते, वेळ वाचावा म्हणून ते स्वतः लावायचे. त्यांनी वाचवलेला वेळ मी घरी अकरा आठवडे व्याजासकट फेडला.

पुढच्या रविवारी मी माळ्यावरून पेटी काढली. पावसाने तीन पट्ट्या फुगून अडकल्या होत्या. त्या दुरुस्त होईपर्यंत उरलेल्या पट्ट्यांवर भागवले. काळी एक (पहिली काळी पट्टी) दाबून धरायची, भाता सावकाश हलवायचा आणि त्यात आपला ‘सा’ मिसळेपर्यंत ‘आ’ लावायचा, असा धडा सासूबाईंनी दिला. पहिला खरा स्वर निघायला एक मिनिटसुद्धा लागत नव्हते, राहिलेली एकोणतीस मिनिटे माझी होती. आवाज स्वरात मिसळतो तेव्हा दोन आवाजांमधली थरथर हळूहळू संथ होत थांबते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकू आले. ट्यूनरचा काटा बघताना ते कधी ऐकू आले नसते.

पेटीच्या मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मींड नाहीच. शिवाय तिचे सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असते. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांमधले अंतर मोजायचे माप) धरले तर तंबोऱ्यातून आपोआप निघणारा गंधार ३८६ सेंटवर बोलतो आणि पेटीचा गंधार ४०० वर बसवलेला असतो, म्हणजे १४ सेंट चढा. नवशिक्याला सुरुवातीला हा फरक कळतही नाही. ज्या दिवशी तो टोचू लागेल त्या दिवशी तुमचा कान तयार झाला असे समजून खुशाल दुसऱ्या वाद्याकडे जावे. एक मात्र सांभाळा. पांढरी एक धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर सारेगम बसवू नका. ते सोपे वाटते, पण पुढे आपल्या गळ्याच्या पट्टीत, बायकांना बहुधा काळी चार किंवा पाचमध्ये, वाजवायची वेळ आली की बोटे नव्याने शिकवावी लागतात. दुकानदार पहिल्याच भेटीत स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी, पेटी दाखवील. ती जड असते, महाग असते, आणि आज तुम्हाला तिचा काही उपयोग नाही.

ज्यांना पेटी नकोच असेल त्यांच्यासाठी मी तबल्याकडे बोट दाखवीन, कारण मुंबईत त्याचा एक फायदा दुसऱ्या कोणत्याही वाद्याला नाही. तबल्याची भाषा तोंडात मावते. ठाण्याहून दादरपर्यंत उभ्याने जातानासुद्धा त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर टाळी देत म्हणता येतात, कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) पाठ करता येतो, आणि शेजारची बाई फार तर एकदा वळून बघते. सतार मात्र लोकलमध्ये न्यायचा विचारही करू नये. सुमारे चार फुटांचे ते वाद्य, खाली भोपळा. मी एकदाच संध्याकाळी सहा वाजता दादरला महिलांच्या डब्यापाशी ते घेऊन उभी राहिले, तीन गाड्या सोडल्या आणि टॅक्सीने घरी आले. अर्थात तबल्याला शेजार लागतो तो सहनशील, आणि दायाँ (उजव्या हाताचा तबला) कोणत्या पट्टीचा घ्यायचा हे शिक्षकाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

बासरीला लावणे नाही, ती पिशवीत मावते आणि स्वस्त मिळते, म्हणून लोक ती पटकन घेतात. आमच्या ऑफिसातल्या एकाने मोठ्या कलाकारांसारखा गंभीर आवाज हवा म्हणून एकदम पांढरी तीनची लांब बासरी घेतली. पन्नालाल घोषांनी लांब बासरी रागसंगीतात आणली हे खरे, पण त्यांची बोटे तेवढी पोचत होती; याची अनामिका सहाव्या छिद्रावर अर्धवट बसायची आणि स्वर फाटायचा. मधल्या आकाराच्या बासरीवर सुरुवात केली असती तर तो टिकला असता. शिवाय बासरीत फुंकेच्या जोरावर स्वर चढतो-उतरतो, त्यामुळे कानाचा प्रश्न तिथेही आहेच, फक्त तो उशिरा उघडकीला येतो. गिटारचे पडदे पक्के असतात आणि सहाच तारा असतात, तिथे ट्यूनर बराच प्रामाणिकपणे काम करतो. ज्यांना गाणी वाजवायची आहेत त्यांनी ती निःशंक घ्यावी. व्हायोलिनला पडदेच नाहीत, त्याविषयी मी काही बोलण्याची गरज नाही.

महिनाभरात वाद्य शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांविषयी माझे मत वाईट आहे आणि ते बदलेल असे वाटत नाही. समोरचा व्हिडिओ आपले ऐकत नाही, ही त्यातली मुख्य अडचण. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मात्र मला उपयोगी वाटतात. प्रमाणपत्रासाठी नव्हे, तर प्रारंभिक या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरला की अभ्यासाला एक तारीख मिळते आणि नोकरी करणाऱ्या माणसाला तारखेशिवाय काही सुचत नाही. वाद्य कुठून घ्यायचे हे सांगणाऱ्या शिक्षकाला त्यात काही मिळते का, याची सभ्यपणे चौकशी करावी. आणि पहिले सहा महिने विकत काही घेऊच नये. नात्यात, इमारतीत, मंडळात कोणाच्या तरी माळ्यावर एक पेटी नक्की असते.

एवढे सगळे वाचून चुकीचे वाद्य आधीच घेऊन बसलेल्यांचा मन खट्टू झाले असेल, तर तसे वाटून घेऊ नका. वय आड येत नाही, बोटे तर नाहीच नाहीत, आणि मागे येण्यात कमीपणाही नाही. हरिप्रसाद चौरसिया नावारूपाला आलेले वादक असताना अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, तेव्हा त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आपण तर दोन गती विसरायच्या आहेत.

माझी सतार मी विकलेली नाही. दीड वर्षाने मी तिच्या तारा बदलून घेतल्या आणि आता महिन्यातून दोनदा ती खाली काढते. पेटीवर काळी एकचा षड्ज धरायला सासूबाई बसतात, मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि फक्त जोडाची तार लावते. बाजाला हात लावायचा नाही, तरफांकडे बघायचेही नाही, असे आमचे ठरले आहे. परवा नऊ मिनिटे लागली. भाता मारून सासूबाईंचा हात दुखला तेव्हा त्या म्हणाल्या, “केसभर उतरलीय अजून, पण राहू दे आता, भाजी लागेल.”