कॅलिफोर्नियात धनादेश वटला नाही, तर

अमेरिकेत न वटलेल्या धनादेशाच्या वसुलीचे नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे भारतातील कलम १३८ची (धनादेश न वटणे गुन्हा ठरवणारे परक्राम्य संलेख कायद्यातील कलम) सवय घेऊन तेथे वसुलीला निघू नये. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतील कलम १७१९ नुसार मूळ रकमेखेरीज पहिल्या धनादेशासाठी २५ डॉलरपर्यंत आणि त्याच व्यक्तीच्या पुढील प्रत्येक धनादेशासाठी ३५ डॉलरपर्यंत सेवाशुल्क मागता येते.

खरा जोर मात्र लेखी मागणीपत्रात आहे. धनादेशाची रक्कम, सेवाशुल्क आणि टपालखर्च स्पष्ट लिहून हे पत्र सर्टिफाइड मेलनेच (पाठवल्याची नोंद राहणाऱ्या टपालाने) पाठवावे, तसेच पत्राची प्रत, टपालाची पावती आणि बँकेने परत केलेला धनादेश जपून ठेवावा. फोनवरची ताकीद किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप येथे उपयोगाचा नाही. पत्रानंतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम रोख मिळाली नाही, तर सेवाशुल्काऐवजी, मूळ रकमेव्यतिरिक्त तिच्या तिप्पट नुकसानभरपाई मागता येते. ही भरपाई किमान १०० आणि कमाल १,५०० डॉलर असते. म्हणजे २० डॉलरच्या क्षुल्लक धनादेशावरही १०० डॉलर. असा दावा स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात, वकिलाशिवाय चालवता येतो.

माल किंवा काम याबद्दलच्या प्रामाणिक वादातून समोरच्याने बँकेला पैसे थांबवायला सांगितले असतील, तर तिप्पट भरपाई मिळत नाही. मागणीपत्रात पोलिसांत तक्रार करण्याची धमकीही घालू नये, कारण पैसे खरोखर येणे असले तरी ती खंडणी ठरू शकते.