पहिली एअर रायफल घेताय? या चुका टाळा

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि संध्याकाळपासून माझा, म्हणजे नेमबाजी शिकवणाऱ्याचा, फोन वाजायला लागला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा ऑलिम्पिकच्या पोडियमवर उभा राहिला म्हटल्यावर ते साहजिकच होतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच : "सर, पोरग्याला रायफल घ्यायचीय. कुठली घेऊ तेवढं सांगा."

माझं उत्तर तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. आत्ता घेऊ नका. आधी सहा महिने क्लबची रायफल वापरू द्या. पहिल्याच महिन्यात लाखोंची रायफल घरात येते आणि दहावीचं वर्ष आलं की कपाटावर चढते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. त्याहून वाईट म्हणजे, मूल खेळत राहतं, पण चुकीच्या रायफलला आपलं शरीर जुळवत राहतं. त्या सवयी मोडायला पुढं दोन-दोन वर्षं जातात.

घेण्याआधी कुठल्या गटात खेळायचं ते ठरवा. आपल्याकडे शालेय आणि जिल्हा पातळीवर ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. ओपन साइटला साधी खाच आणि माशी. पीप साइटला मागं डायॉप्टर, म्हणजे डोळ्यानं बघायचं बारीक भोक, पुढं नळीत गोल रिंग. रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं, अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं, ती १० मीटर एअर रायफल म्हणजे पीप साइटच. मुलगी ओपन साइटला उतरणार आणि घरात मात्र पीप साइटची जर्मन मॅच (स्पर्धेची) रायफल येऊन पडलेली, असं झालं की दोन्हीकडून नुकसान. प्रशिक्षकाला विचारा, मावळंकर या अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत जायचं असेल तर कुठल्या गटातून जायचं तेही विचारा आणि मगच दुकानात जा.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफलची ऊर्जा साधारण साडेसात-आठ ज्यूल, त्यामुळं ती आरामात बसते. पण परवाना नको म्हणजे ते खेळणं झालं असं नाही. गच्चीवरून पारवे मारायला ती घेऊ नका आणि मुलाच्या हाती एकट्यानं देऊ नका. बिल जपून ठेवा. प्रवासात रायफल कुलूपबंद पेटीत असू द्या आणि स्पर्धेचं पत्र सोबत ठेवा.

आता सगळ्यात मोठी चूक : रायफल कंपनीच्या नावावरून घेणं. फाइनवेर्कबाऊ की वॉल्थर की अन्शुट्झ, यावर पालक महिनाभर चर्चा करतात. यातली कुठलीही नीट रायफल तुमच्या मुलापेक्षा चांगली नेम साधते. क्लॅम्पमध्ये धरली तर दहा मीटरवर ती एकाच भोकातून पेलेट (छर्रे) घालत राहील. ती मुलाच्या अंगाला बसते का, हे आधी बघा.

नियमानं १० मीटरची रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. म्हणजे बारा वर्षांच्या, पस्तीस किलोच्या मुलीला ती साडेपाच किलोची द्यावी असं नव्हे. जड रायफल स्थिर वाटते हे खरं, पण मूल तिला तोलायला कमरेतून मागं झुकतं, पाठीचा कणा वाकवतं आणि वीस शॉट्सनंतर डावा हात थरथरायला लागतो. वाढत्या वयात हलकी रायफल घ्या, वजनं नंतर लावता येतात. बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) वर-खाली आणि मागं-पुढं सरकते का, चीकपीसची (गाल टेकायच्या भागाची) उंची बदलते का, हँडरेस्ट (पुढच्या हाताचा आधार) किती खाली येते, हे मुलाला उभं करून बघा. मूल वर्षात चार बोटं उंच होतं, रायफलही तेवढी वाढायला हवी. म्हणून सुरुवातीला दिसायला देखण्या लाकडी स्टॉकपेक्षा (दस्त्यापेक्षा) जास्त अ‍ॅडजस्टमेंट असलेला अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक मी सुचवतो.

आणि डोळा तपासा. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये लहान भोक करायला सांगा, त्यातून दूरचं घड्याळ बघायला लावा, मग एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याला घड्याळ भोकातच दिसतं तो डोळा प्रबळ. उजव्या हातानं लिहिणाऱ्या कितीतरी मुलांचा डावा डोळा प्रबळ निघतो. अशा वेळी डावखुरी रायफल घ्यायची की उजवीच ठेवून डाव्या डोळ्यापुढं ब्लाइंडर (झाकणारी पट्टी) लावायचा, हे ठरायला काही आठवडे द्यावे लागतात. रायफल आधी आली की निर्णय आपोआप होऊन बसतो.

पैशाबद्दल एवढंच सांगतो की सगळे रायफलमध्ये घालू नका. ऑलिम्पिक मॅच ६० शॉट्सची असते, ७५ मिनिटांची. रोजचा सराव तेवढाच धरला तर ५०० पेलेटचा डबा दहा दिवसही पुरत नाही. त्यात जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह. जॅकेट अंगाला घट्ट पण नियमात बसणारं लागतं. स्पर्धेत जाडी आणि ताठपणा मोजतात आणि वाढत्या मुलाला ते दर दीड-दोन वर्षांनी बदलावं लागतं. उरलेल्या पैशात सेकंडहँड रायफल येत असेल तर खुशाल घ्या.

फक्त सेकंडहँड घेताना आधी सिलिंडर, म्हणजे रायफलची दाबलेली हवा साठवणारी नळी, बघा. त्यावर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. जर्मन कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही ही जबाबदारी नेमबाजाची, असं आंतरराष्ट्रीय नियमातच लिहिलंय. दहा वर्षं उलटलेल्या सिलिंडरची रायफल स्वस्त मिळतेच. नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. त्यात २०० बार दाब असतो. दुचाकीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज येईल.

इथं हात जोडून एक सांगतो. तालुक्याच्या गावी हवा भरायची सोय नसते, म्हणून कुणीतरी वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजन भरून घ्यायचा सल्ला देतं. कधीही नको. व्हॉल्व्हमधल्या ग्रीसला दाबाखालचा ऑक्सिजन लागला की स्फोट होऊ शकतो, आणि नेम धरताना सिलिंडर मुलाच्या तोंडाजवळ असतो. कोरडी, स्वच्छ हवाच भरायची. हातपंपानं भरत असाल तर अधूनमधून थांबा, तापलेल्या पंपातून ओल आत जाते. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) तेल नको, कंपनीनं सांगितलेलं ग्रीसच लावा.

"सर, रायफल बिघडली" हे वाक्य रेंजवर मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. बहुतेक वेळा रायफल ठीक असते. मूल दोन शॉट दहाऐवजी नऊला गेले की साइट सरकवणाऱ्या बटणाचे क्लिक फिरवतं, मग उलटे फिरवतं, आणि पंधरा शॉट्सनंतर साइटची मूळ जागा कुठं होती तेच कुणाला आठवत नाही. एका शॉटवरून क्लिक फिरवायचा नाही. निदान पाच शॉट्सचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या भोकांचा पुंजका, बघा. ग्रुप घट्ट आहे पण बाजूला पडतोय, तर क्लिक. ग्रुपच विखुरलाय, तर साइटला हात लावू नका.

शॉट मॅचच्या शेवटाकडं हळूहळू खाली उतरायला लागले तर आधी सिलिंडरचा काटा बघा, दाब रेग्युलेटरला (दर शॉटला सारखी हवा देणाऱ्या भागाला) लागतो त्याच्या खाली गेला की पेलेटचा वेग पडतो. डावी-उजवीकडं पसरतायत तर रायफल तिरकी धरली जातेय का बघा. गाल चीकपीसवर दर वेळी वेगळा टेकतोय का तेही बघा, डोळा डायॉप्टरमागं जरा सरकला तरी शॉट सरकतो. खिडकीतून ऊन आलं की रिंग वेगळी दिसते, त्यालाही रायफल जबाबदार नाही. पुढच्या साइटची रिंग फार बारीक घेऊ नका. लहान रिंगमध्ये काळा ठिपका थोडा जरी हलला तरी मूल घाबरून ट्रिगर ओढतं. थोडी मोठी रिंग लावली की पांढरी कड नीट दिसते आणि बोट शांत होतं.

पेलेटही बघा. ४.४९ आणि ४.५० असे हेडसाइज डब्यावर लिहिलेले असतात आणि प्रत्येक बॅरलला वेगळा मानवतो. शक्य असेल तर क्लॅम्पमध्ये तीन-चार डबे तपासा आणि जमलेल्याच लॉटचे दोन-तीन डबे घेऊन ठेवा. पेलेट शिशाचे असतात. मुलं ते ओठांत धरून लोड करतात, ते तातडीनं थांबवा. जेवणाचा डबा खायच्या आधी साबणानं हात धुवायला लावा.

गेल्या वर्षी एका मुलीचा ग्रुप अचानक चौपट पसरला. वडील दुसरी रायफल घ्यायच्या तयारीत होते. आम्ही पेलेट बदलले, बॅरलमधून साफसफाईचं फेल्ट फिरवलं, मी स्वतः तिची पोझिशन आठवडाभर तपासली. शेवटी स्टॉकच्या दोन स्क्रूंना अ‍ॅलन की (षटकोनी पाना) लावली, तर पुढचा स्क्रू अर्धा फेरा फिरला, म्हणजे तो सैल होता. तो आवळल्यावर त्याच संध्याकाळी ग्रुप जागेवर आला. तेव्हापासून तिच्या पेटीत एक अ‍ॅलन की आणि एक वही असते. दर शनिवारी ती स्क्रू तपासते आणि तारीख लिहिते.