गेटपासून बसथांब्यापर्यंत: गल्लीतला फूटपाथ चालता ठेवण्यासाठी

दोनशे मीटर लांब, दोन मीटर रुंद, नवाकोरा फूटपाथ. मध्येच एका ठिकाणी विजेची पेटी आणि कंपाउंडची भिंत यांच्यात ५० सेंटीमीटरची फट. मग तो फूटपाथ ५० सेंटीमीटरचाच समजायचा. व्हीलचेअर तिथे अडते, बाबागाडी अडते, दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या आजी रस्त्यावर उतरतात. आणि एकदा खाली उतरलेलं माणूस सहसा परत वर चढत नाही, कारण पुढचा कर्ब, म्हणजे फूटपाथची उभी दगडी किंवा काँक्रीटची कड, गुडघ्याची परीक्षा पाहतो.

म्हणून अख्ख्या प्रभागाचं काम एकदम अंगावर घेऊ नका. एकच वाट निवडा: सोसायटीच्या गेटपासून जवळच्या बसथांब्यापर्यंत, शाळेपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत, साधारण २०० ते ३०० मीटर. ती सलग चालता आली की पुढची.

आधी मोजा

सामान थोडंच लागतं: पाच मीटरची टेप, खडू, वही, मोबाइल आणि १८० सेंटीमीटर लांबीचा हलका बांबू किंवा पीव्हीसी पाइप. पाइपच्या मध्यावर, म्हणजे ९० सेंटीमीटरवर, लाल टेप गुंडाळा. पाइप आडवा धरून चालत जा. एकजण पाइप धरेल, दुसरा वहीत लिहील. पूर्ण पाइप जिथे अडकतो तिथे खडूची रेघ मारा, अर्धाही जात नाही तिथे फुली. फुल्यांची कामं आधी हातात घ्यायची.

हे आकडे मनाचे नाहीत. पादचारी सुविधांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची आयआरसी १०३ ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार निवासी भागात किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी, डोक्यावर २.२ मीटर मोकळी जागा हवी आणि कर्बची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. खांब, झाड, पेटी, बाक यांची जागा सोडून जी उरते ती मोकळी. १.८ मीटरमध्ये दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतात, ९० सेंटीमीटरमध्ये एकच जाते.

मोजणी दोनदा करा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. सकाळी दिसतात ते खांब, पेट्या, खचलेले ब्लॉक. संध्याकाळी दिसतात त्या दुचाकी, हातगाड्या, दुकानाबाहेर मांडलेला माल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि तक्रारीचे विभागही वेगळे.

डोक्याच्या उंचीवरच्या गोष्टी हमखास सुटतात. पांढरी काठी वापरणाऱ्याला जमिनीवरचा अडथळा काठीने कळतो, पण भिंतीतून बाहेर आलेलं एसीचं युनिट, दुकानाचा लोखंडी बोर्ड, ताडपत्रीची दोरी किंवा उघडी खिडकी काठीला लागतच नाही, थेट कपाळाला लागते. कमरेपासून २.२ मीटरपर्यंत जे जे बाहेर आलेलं आहे ते वेगळ्या पानावर लिहा.

पहिला हात आपल्याच गेटवर

वहीतल्या बऱ्याच नोंदी इमारतींच्याच निघतात, आणि त्या महापालिकेची वाट न पाहता सुटू शकतात. आपल्या गेटपासून सुरुवात केली तर शेजारच्या सोसायटीशी बोलतानाही शब्दाला वजन येतं.

गाड्यांसाठी बहुतेक ठिकाणी फूटपाथच कापून रस्त्याच्या पातळीला आणलेला असतो. शंभर मीटरमध्ये पाच गेट असली की चालणाऱ्याला दहा चढउतार. योग्य रचना याच्या उलट असते: फूटपाथ सलग एका पातळीत राहतो आणि गाडी त्यावर चढून आत जाते. गाडीसाठीचा उतार कर्बच्या कडेच्या पट्ट्यात बसवायचा, चालण्याच्या पट्ट्यात नाही. काँक्रीट नव्याने करायचं असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याची लेखी परवानगी घेऊन हीच रचना मागा.

माणसांसाठीच्या रॅम्पचं प्रमाण १:१२, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीला १८० सेंटीमीटर लांबी. प्रत्यक्षात ६० सेंटीमीटरचा रॅम्प दिसतो. तो १:४ झाला. त्यावर व्हीलचेअर ढकलताना मागे उलटण्याची भीती असते. रॅम्प रस्त्याला जिथे टेकतो तिथली कडही हाताने चाचपून पाहा. दोन सेंटीमीटरची उभी कड राहिली तरी पुढची छोटी चाकं तिच्यावर आपटून थांबतात. ही कड घासून किंवा सिमेंटने भरून सपाट करणं हे गवंड्याचं तासाभराचं काम आहे.

एक चूक मात्र गल्लोगल्ली दिसते: गाडी चढावी म्हणून रस्त्याच्या कडेला, पाणी वाहतं त्या पन्हळीतच सिमेंटची उतरण ओतून टाकायची. पहिल्याच पावसात तिच्या मागे तळं साचतं, चालणारे ते टाळायला रस्त्याच्या मध्ये जातात आणि डांबर उखडायला तिथूनच सुरुवात होते. अशी उतरण आपल्या गेटपुढे असेल तर आधी ती फोडून काढा.

घरात तोडफोड निघाली की राडारोडा फूटपाथवर येतो. सोसायटीच्या परवानगीपत्रातच अट घाला: राडारोडा गोण्यांत भरून कंपाउंडच्या आत ठेवायचा, दोन दिवसांत उचलायचा, वाळू-खडी फूटपाथवर उतरवायची नाही. अनामत रक्कम घेत असाल तर ती याच अटीला बांधा. बांधकामाचा कचरा ज्याचा, विल्हेवाटीची जबाबदारीही त्याचीच, असं नियमच सांगतात.

खचलेले पेव्हर ब्लॉक

ब्लॉक का खचतो हे कळलं नाही तर दुरुस्ती महिनाभरही टिकत नाही. पेव्हर ब्लॉकची जमीन चार गोष्टींवर उभी असते: खाली दाबून पक्का केलेला खडीचा थर, त्यावर तीनेक सेंटीमीटर वाळू, ब्लॉकच्या फटींमध्ये बारीक वाळू आणि बाजूने आवळून धरणारा कर्ब. फटीतली वाळू ब्लॉक एकमेकांत अडकवून ठेवते, म्हणून एका ब्लॉकवरचा भार शेजारच्यांवर वाटला जातो. कडेचा कर्ब निघाला की सगळी रांग सैल पडते. पाइपसाठी खोदलेला चर नीट न दाबता बुजवला की पट्टाच्या पट्टा खाली बसतो. चालण्यासाठी घातलेल्या ६० मिलिमीटरच्या ब्लॉकवर टेम्पो चढवला तर तोही खचतो. गाड्यांच्या जागी ८० मिलिमीटरचे लागतात.

चारपाच ब्लॉक खाली गेले असतील आणि अभियंत्याने हरकत घेतली नसेल, तर रविवारच्या सकाळी हे होऊन जातं. दोन सपाट पट्ट्यांनी पहिला ब्लॉक दोन्ही बाजूंनी उचला, बाकीचे हाताने निघतात. खचलेल्या भागाभोवतीची एकेक रांगही काढा, नाहीतर नवा-जुना सांधा जुळत नाही. खालची माती ओली, लिबलिबीत लागली तर काम तिथेच थांबवा. ती पाण्याची किंवा ड्रेनेजची गळती असू शकते, आणि वरून वाळू टाकून ती थांबणार नाही. कोरडं असेल तर खडी टाकून लोखंडी धुम्मसाने ठोका, वाळू पसरून सरळ लाकडी पट्टीने सपाट ओढा, ब्लॉक आजूबाजूच्यांपेक्षा अर्धा सेंटीमीटर वर राहतील असे बसवा. रबरी हातोडीने ठोकल्यावर ते पातळीत येतात. शेवटी कोरडी बारीक वाळू झाडूने फटींत भरा आणि आठवड्याने पुन्हा भरा, कारण पहिली वाळू खाली बसते.

फटींत सिमेंट ओतू नका. मजबूत दिसतं, पण ब्लॉकची लवचीकता जाते, तडे पडतात आणि पुढच्या वेळी एकही ब्लॉक अखंड निघत नाही. वाळूच्या थराखाली पहार घालू नका, खाली विजेची केबल असू शकते.

दुचाकी, खांब आणि कुंड्या

फूटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून लोक लोखंडी पाइपांचे खांब जवळजवळ रोवतात, साखळ्या बांधतात, नागमोडी फाटक करतात. इथे आकड्यांचीच अडचण आहे. स्कूटरचं हँडल सुमारे ७० सेंटीमीटर रुंद, साधी व्हीलचेअरही जवळपास तेवढीच. त्यामुळे जी फट स्कूटरला अडवते ती व्हीलचेअरलाही अडवते, आणि स्कूटरवाला हँडल तिरकं करून निघून जातो. खांबांमधलं अंतर १.२ मीटर ठेवा. त्याने चारचाकी थांबतात. दुचाकींसाठी मात्र रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली पार्किंगची जागा आणि वाहतूक पोलिसांची कारवाई हाच उपाय. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमांत फूटपाथवर गाडी लावायला स्पष्ट मनाई आहे. नंबरप्लेट, वेळ आणि फूटपाथ एकाच फोटोत दिसू द्या.

पार्किंग रोखायला ठेवलेल्या मोठ्या कुंड्या, सिमेंट भरलेले डबे, ‘नो पार्किंग’चे लोखंडी स्टँड हेही अतिक्रमणच. झाडांची कितीही हौस असली तरी कुंडी कंपाउंडच्या आतच हवी.

पथारीवाले

भाजीवाल्या मावशींना हटवा, अशी तक्रार करण्याआधी टेप काढा. पथारी १.२ मीटर खोल असेल तर तिच्यासमोर गिऱ्हाईक उभं राहायला आणखी ७५ सेंटीमीटर जातात. दोन्ही मिळून सुमारे दोन मीटर. तीन मीटरच्या फूटपाथवर मग एकच मीटर उरतो. हा हिशेब जागेवर खडूने आखून दाखवला तर बोलणं सोपं जातं: पथारी थोडी मागे सरकवायची, माल पुढे लटकवायचा नाही, रिकामे क्रेट मागे रचायचे, गिऱ्हाइकाने दुचाकीवर बसून भाजी घ्यायची नाही. बहुतेक विक्रेते ऐकतात, कारण वाट मोकळी असेल तर गिऱ्हाईकही जास्त थांबतं.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण आहे. जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि निर्णयात शहर फेरीवाला समितीचा सहभाग असतो. दुसऱ्या बाजूने, मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुंबईतल्या रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरपर्यंत फेरीच्या धंद्याला मनाई केली. आपली जागा यात बसते का, ते तक्रारीआधीच पाहून घ्या.

झाडं, पेट्या, पाणी

झाडाच्या बुंध्याला भिडून काँक्रीट करू देऊ नका. चहूबाजूंनी मीटरभर माती मोकळी ठेवा आणि खड्डा बारीक खडीने ब्लॉकच्या पातळीपर्यंत भरा, म्हणजे पाणी मुरतं आणि पाय मुरगळत नाही. मुळांनी ब्लॉक उचलले तर मूळ तोडायचं नाही. ब्लॉक काढून तिथली जमीन मुळावरून हळुवार चढती-उतरती करून घ्यायची. वाटेत आलेली फांदी छाटायलासुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज उद्यान विभागात करायचा.

विजेच्या पेटीचं दार उघडं दिसलं तर स्वतः लावायला जाऊ नका. पेटीवरचा क्रमांक टिपा. महावितरणचा भाग असेल तर १९१२ वर कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलांना तिकडून जाऊ देऊ नका.

पावसाळ्याची तयारी मेच्या मध्यात. झाडून गोळा केलेला पालापाचोळा चेंबरच्या जाळीशेजारी ढीग करून ठेवला की पहिल्या सरीत तो जाळीवर बसतो. तो गोण्यांत भरून त्याच दिवशी उचलायला मुकादमाशी वेळ ठरवा. शेवाळ धरलं की दहा लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळा. हातमोजे घाला, वीस मिनिटं राहू द्या, कडक ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. झाडाच्या आळ्यात ते पाणी जाऊ देऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड नकोच: ते काँक्रीट खातं, आणि ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो.

तक्रार अशी लिहा की काम निघेल

एका तक्रारीत एकच गोष्ट. खचलेले ब्लॉक पथ विभागाकडे, फुटलेलं झाकण मलनिःसारणाकडे, टपरी अतिक्रमण विभागाकडे, कचऱ्याचा ढीग घनकचरा विभागाकडे. तिन्ही-चारही एकत्र लिहिलं की कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो. ठिकाणासाठी पत्त्याबरोबर जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक द्या. एक फोटो लांबून, एक जवळून, जवळच्या फोटोत टेप उघडलेली. मजकूर एवढाच पुरे:

‘अमुक रस्ता, खांब क्र. अमुक, पश्चिमेकडील फूटपाथ. चेंबरचं झाकण फुटलेलं, भोक अंदाजे ३० × २० सेंमी, खोली दीड मीटर. मोकळी वाट ६० सेंमी. शाळेचा रस्ता. आजच संरक्षक कठडा आणि नवीन झाकण बसवावे.’

मुंबईत १९१६ वर, इतर शहरांत महापालिकेच्या ॲपवर नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. काम न होता तक्रार ‘निकाली’ दाखवली तर त्याच जागेचा तारखेसह नवा फोटो जोडून ती पुन्हा उघडायला सांगा. वरिष्ठांना लिहिताना हेही जोडा: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेले, अपंग व्यक्तींना वापरता येतील असे फूटपाथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग मानला आहे.

ठेकेदार काम संपवून निघण्याआधी बादलीभर पाणी फूटपाथवर ओता. ते भिंतीकडे गेलं किंवा मध्येच साचलं तर उतार चुकला आहे. ते रस्त्याकडे जायला हवं, मीटरला साधारण दोन सेंटीमीटर. मग पाइप पुन्हा आडवा धरून चालून पाहा, आणि संध्याकाळी सातला आणखी एकदा.