एका वेळी किती कामं सोडायची?

नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, हजारो कामं उरकायची असतील तर अवेट (निकाल येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) कुठे लिहायचा हे मी नंतर बघते. आधी ठरवते, एका वेळी किती सोडायची.

8,000 बिलांच्या पीडीएफ बनवणारा रात्रीचा जॉब मी आधी फॉरइचमध्ये, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी एक फंक्शन चालवणाऱ्या सोयीत, लिहिला होता. आत असिंक (निकाल नंतर देणारं) फंक्शन, त्यात अवेट. चालवला, तर लॉगमध्ये पहिलीच ओळ 'सगळं झालं' आणि तयार बिल एकही नाही. कॉलबॅकने, म्हणजे त्या आतल्या फंक्शनने, दिलेल्या प्रॉमिसकडे (नंतर येणाऱ्या निकालाच्या पावतीकडे) फॉरइच बघतच नाही. मग मॅप करून, म्हणजे प्रत्येक बिलासाठी एक प्रॉमिस बनवून, सगळं प्रॉमिस.ऑलमध्ये टाकलं. कोड थांबला खरा, पण 8,000 क्वेरी एकदम सुटल्या. पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणाऱ्या पीजी लायब्ररीच्या पूलमध्ये (उघड्या कनेक्शनांच्या साठ्यात) डीफॉल्ट 10 कनेक्शन, बाकी सगळे रांगेत, आणि लॉगिन करू बघणारे ग्राहक त्या रांगेच्या शेपटाला. प्रॉमिस.ऑल फक्त निकालांची वाट बघतं. कामं तर मॅप फिरतानाच सुरू झालेली असतात.

आता मी बिलांच्या अ‍ॅरेवर एंट्रीज कॉल करून एकच इटरेटर (मागितल्यावर यादीतलं पुढचं एकेक देणारी वस्तू) घेते. एका असिंक फंक्शनमध्ये त्यावर फॉर-ऑफ लूप, आत अवेट. हे फंक्शन 5 वेळा कॉल करायचं, प्रत्येकाला तोच इटरेटर द्यायचा आणि ती 5 प्रॉमिसं प्रॉमिस.ऑलमध्ये ठेवायची. जो मोकळा होईल तो पुढचं बिल उचलतो. पाचच का, तर निम्मा पूल ग्राहकांसाठी राहावा म्हणून.

एकच बिल दोघांच्या हाती लागत नाही. हा सगळा कोड एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच तुकडा असा, चालतो, अदलाबदल होते ती अवेटपाशीच. त्यामुळेच अवेटच्या आधी वाचलेली ग्राहकाची शिल्लक नंतरही तीच असेल, असं मात्र अजिबात धरू नका.

चूक पकडणारा ट्राय-कॅच लूपच्या आत हवा. बाहेर ठेवलात, तर एका बिघडलेल्या बिलापायी त्या पाचांतला एक जण कायमचा थांबतो. कॅचमध्ये बिलाचा क्रमांक वेगळ्या यादीत टाका, म्हणजे तेवढीच बिलं पुन्हा चालवता येतात. कॅच कुठेच नसेल तर प्रॉमिस.ऑल पहिल्याच चुकीला रिजेक्ट (अपयशी) होतं आणि बाकीचे चौघे मागे चालूच राहतात. अवेट करायचं राहून गेलेलं प्रॉमिस फसलं, तर नोड 15 पासून डीफॉल्टने अख्खी प्रोसेस बंद पडते.

टाइमआउटसाठी, म्हणजे ठरावीक वेळेनंतर काम सोडून देण्यासाठी, प्रॉमिस.रेस (जे आधी संपेल त्याचा निकाल घेणारं) पुरत नाही. हरलेली रिक्वेस्ट कनेक्शन अडवून तशीच बसते. फेचला (नेटवर रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनला) अबॉर्टसिग्नल.टाइमआउट द्या, त्यात 5000 (मिलिसेकंद) लिहा. 5 सेकंदांनी रिक्वेस्टच तोडली जाते.