फाइल उघडेना म्हणून सगळं उघडं टाकू नका: विंडोज, लिनक्स आणि मॅक जोडताना या चुका टाळा

लातूरमधलं क्लासेसचे प्रश्नसंच छापणारं दुकान घ्या, बीडचं सेवा केंद्र घ्या, नाहीतर नांदेडचा लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ. एका टेबलावर विंडोज ११, कोपऱ्यात फ्लेक्स मशीनला जोडलेला विंडोज ७, मालकाच्या मुलानं बसवलेलं उबंटू लिनक्स आणि डिझायनरचा मॅक. हे चारही एकमेकांच्या फायली वाचू शकतात, कारण चौघांनाही एसएमबी ही नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची पद्धत कळते. लिनक्सवर हे काम ‘सांबा’ करतं, आणि ते १९९२ पासून आहे. तरी काही अडलं की तक्रार एकच येते, “नेटवर्क गेलं.” मग कोणी फायरवॉल बंद करतं, कोणी फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देतं, कोणी पासवर्डच काढून टाकतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. त्या फोल्डरमध्ये लोकांचे आधार, सातबारे, बँकेची पासबुकं असतात, म्हणून हे सांगावंसं वाटतं.

आधी एवढंच ठरवा: समोरचा संगणक दिसत नाही, दिसतो पण आत घेत नाही, की आत घेतो पण लिहू देत नाही? तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

दिसत नाही म्हणजे जोडलेला नाही, असं समजू नका

विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत लिनक्सचा संगणक न दिसणं ही फार साधी गोष्ट आहे. त्या खिडकीतली यादी पूर्वी एसएमबी १ वर, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीवर चालायची. आता विंडोज दुसऱ्या पद्धतीनं शोधतं आणि लिनक्सवर त्यासाठी ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाची सेवा वेगळी चालू करावी लागते. ती नसली तरी थेट पत्ता टाकून आत जाता येतं. विंडोजमध्ये दोन बॅकस्लॅश आणि पुढं आयपी पत्ता, मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबीचा पत्ता. फोल्डर उघडलं तर नेटवर्क ठणठणीत आहे, त्याच्या मागं लागू नका.

नाही उघडलं तर दोन्हीकडचे आयपी पत्ते शेजारी लिहून काढा. एकाचा १९२.१६८.१ नं आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० नं सुरू होत असेल, तर दुकानात बहुधा दोन राउटर आहेत आणि दोघं वेगवेगळ्या घरात बसलेत. गेस्ट वायफायवरचा लॅपटॉपही असाच एकटा पडतो. आपल्याकडं याहून नेहमीचं कारण म्हणजे लाइट. लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, त्यानं पत्ते नव्यानं वाटले आणि काल चालणारा शॉर्टकट आज मेला. राउटरमध्ये फाइल ठेवणाऱ्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवा. पीक विम्याच्या गर्दीत रांग उभी असताना हे करायची वेळ येऊ नये.

पिंगवर, म्हणजे समोरचा संगणक हाकेला ओ देतो का हे बघणाऱ्या कमांडवर, फार विसंबू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर न देताही फायली देऊ शकते. खरी चाचणी ४४५ क्रमांकाच्या पोर्टची, म्हणजे एसएमबी ज्या दारातून ये-जा करतं त्या दाराची. पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ती करून देते. पोर्ट बंद दिसलं तर नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का बघा, दुकानातलं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल शेअरिंग चालू करा. अख्खी फायरवॉल बंद करायचं कारणच नाही.

एसएमबी १ पुन्हा चालू करू नका

जुन्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन फोल्डरमध्ये येईना, की हमखास कोणीतरी हा उपाय सुचवतं. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसनं विंडोजच्या एसएमबी १ मधलीच फट वापरली होती. त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून ते मुळात बंद ठेवलं जाऊ लागलं, आणि सांबानंही २०१९ मध्ये तेच केलं. विंडोज ७ ला एसएमबी १ ची गरज नाही, त्याला पुढची आवृत्ती येते. अडतो तो एक्सपी आणि जुनं स्कॅनर. स्कॅनरमध्ये एफटीपी किंवा ईमेलची सोय असेल तर ती वापरा. एक्सपीवरच्या फायली पेन ड्राइव्हनं ने-आण करा आणि तो संगणक इंटरनेटपासून लांब ठेवा.

आत घेत नाही: पासवर्डचा घोळ

वेळ सर्वांत जास्त इथं जातो. विंडोज सुरू करताना टाकता तो चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. म्हणून लोक ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून गेस्टचा, म्हणजे पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शिरण्याचा, रस्ता धरतात. पण विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत गेस्ट म्हणून दुसरीकडं शिरणं बंद आहे आणि जोडणीला साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर खरेपणाची डिजिटल सही, लागतं. कालपर्यंत चालणारं अपडेटनंतर थांबलं, याचं कारण बहुतेक वेळा हेच. साधा उपाय म्हणजे फाइल ठेवणाऱ्या संगणकावर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं खातं काढा आणि त्याला नीट पासवर्ड द्या.

लिनक्सवर खातं काढून भागत नाही. सांबा स्वतःचे पासवर्ड वेगळे ठेवतं. ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांडनं ते नाव तिथंही घालावं लागतं. मॅकवर फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली त्या खात्यापुढं टिक हवी. ती राहिली की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

एरर १२१९ आली तर विंडोज एकाच संगणकावर दोन नावांनी जायला नकार देतंय. ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली जुनी नोंद काढा आणि संगणक रिस्टार्ट करा.

लिहू देत नाही

विंडोजवर परवानग्यांचे दोन थर असतात, शेअरिंगचा आणि सिक्युरिटीचा. दोन्हींत जो कडक तो लागू होतो. लिनक्सवर ७७७ टाकून, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन, मोकळं होऊ नका; एक गट करा, फोल्डर त्या गटाच्या नावावर करा. उबंटू २१.०४ पासून नव्या खात्याचं होम फोल्डर इतरांना बंद असतं, त्यामुळं शेअरचं फोल्डर होमच्या आत ठेवूच नका.

मराठी नावांची गंमत वेगळीच

मॅकवर फाइंडर ‘७/१२ उतारा’ असं नाव खुशाल घेतो. विंडोजला तिरपी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह चालत नाही, मग तिकडं नाव भलतंच दिसतं. सातबारा अक्षरांतच लिहा.

लिनक्सवर नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं. मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ एवढ्या शब्दालाच ३३ बाइट्स लागतात. शासन निर्णयाचा अख्खा विषय फाइलचं नाव म्हणून दिला, तर विंडोजवर चालतो आणि लिनक्सवर कॉपी करताना अडकतो.

त्याच शब्दातला ‘ऱ्य’ आणखी एक घोळ घालतो. तो कोणी ‘ऱ’ च्या एका चिन्हानं टाइप करतं, कोणी र, हलंत आणि न दिसणारा जोडक वापरून. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर ‘ऱ’ चे र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन तुकडे करून ठेवले जातात. डोळ्यांना नावं सारखीच, पण लिनक्सला त्या वेगळ्या फायली. झिप करून आणलं की एकाच नावाच्या दोन फायली शेजारी बसलेल्या दिसतात आणि शोधताना एकच सापडते. लिनक्सवरचं ‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन मॅकनं तोडलेली नावं एकसारखी करून देतं. जोडकवाली नावं मात्र हातानंच बदलावी लागतात, म्हणून ‘ऱ’ कसा टाइप करायचा ते ऑफिसात सगळ्यांनी मिळून एकदा ठरवून घ्या.