बी रुजतानाचा चित्रपट वर्गात कसा तयार करावा

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनमध्ये कॅमेरा खरेदी करून परतले, तेव्हा चित्रपटासाठी भांडवल द्यायला कोणी सहज तयार होईना. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवून त्याची वाढ दिवसेंदिवस टिपली आणि रोप डोळ्यांदेखत उगवताना पडद्यावर दाखवले. हाच प्रयोग सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना आज एखाद्या जुन्या मोबाइलवर करता येतो. त्यात अ‍ॅपचे काम सर्वांत थोडे असते. सगळे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते, मोबाइल तसूभरही न हलण्यावर आणि उजेड न बदलण्यावर.

आधी गणित मांडावे

सेकंदाला १२ चित्रे दाखवली की हालचाल पुरेशी सलग दिसते. दर २० मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर दिवसाला ७२ आणि आठ दिवसांत ५७६ छायाचित्रे होतात, म्हणजे चित्रपट ४८ सेकंदांचा होतो. हे गणित विद्यार्थ्यांनीच फळ्यावर सोडवावे आणि आपल्याला किती लांबीचा चित्रपट हवा आहे त्यावरून अंतर ठरवावे. त्यानंतर कागदावर सहा चौकटी आखून, बी रुजताना काय काय घडेल असे त्यांना वाटते, ते चितारायला सांगावे. या चौकटी जपून ठेवाव्यात, त्यांचा उपयोग पुढे होणार आहे.

बी आणि ग्लास

मटकीला मोड लवकर येतात, पण दाणा लहान असल्याने चित्रात फारसे दिसत नाही. वाटाण्याची दले, म्हणजे दाण्याचे दोन अर्धे भाग, मातीतच राहतात. म्हणून घेवडा किंवा राजमा निवडावा. त्याच्या खोडाचा वाकलेला आकडा आधी वर येतो आणि सरळ होता होता दोन्ही दलांना ओढून बाहेर काढतो. कधी कधी बियांची साल टोपीसारखी एका दलावर अडकून राहते आणि मग गळून पडते. संपूर्ण चित्रपटातले सर्वांत देखणे क्षण हेच.

दाणे रात्रभर भिजवावेत. काचेच्या सरळ ग्लासात आतून टिपकागद गोल लावून, काच आणि कागद यांच्यामध्ये तीन दाणे साधारण मध्यावर अडकवावेत, कारण एखादा कुजला तरी उरलेल्यांवर काम चालते. तळाशी बोटभर पाणी ठेवावे आणि लागेल तसे ड्रॉपरने घालावे, म्हणजे ग्लास उचलावा लागत नाही. ग्लासावर झाकण ठेवू नये, नाहीतर काचेवर वाफ धरते. ग्लासाच्या आणि मोबाइलच्या जागेभोवती टेबलावर चिकटपट्टीने खुणा करून ठेवाव्यात.

उजेड आणि मोबाइल

पहिल्या वर्षी आम्ही खिडकीच्या उजेडावर विसंबलो. प्रत्येक ढगागणिक चित्र उजळत आणि काळवंडत राहिले, रात्रीची छायाचित्रे तर काळीच आली, आणि आठ दिवसांची मेहनत पडद्यावर नुसती लुकलुकली. तेव्हापासून आम्ही खिडकीला काळा कागद लावतो आणि एकच ९ वॅटचा एलईडी दिवा रात्रंदिवस चालू ठेवतो. आठ दिवसांत त्याला पावणेदोन युनिटांपेक्षा कमी वीज लागते. बीच्या मागे गडद रंगाचा साधा कागद लावला, तर पांढरे मूळ उठून दिसते.

मोबाइल विटांच्या किंवा जाड पुस्तकांच्या आधाराने घट्ट बसवावा, चार्जरला जोडून ठेवावा आणि विमान मोडवर टाकावा. पडद्यावर बीच्या जागी बोट दाबून धरले की बहुतेक कॅमेऱ्यांत फोकस आणि उजेड कायम होतात. ते केले नाही, तर कॅमेरा दर वेळी स्वतःच्या मर्जीने चित्र बदलतो. ठरावीक अंतराने आपोआप छायाचित्र घेणारी मोफत अ‍ॅप मिळतात. मात्र आधी तासभर चाचणी घ्यावी आणि मोबाइलमध्ये जागा पुरेशी आहे ना, हे पाहूनच खरी सुरुवात करावी. वर्गाच्या दारावर ‘चित्रीकरण चालू आहे, टेबलाला हात लावू नये’ अशी पाटी अवश्य लावावी.

रोजची वही

कॅमेरा आपोआप चालत असला, तरी विद्यार्थ्यांचे काम थांबत नाही. प्रत्येक गटाने रोज ठरलेल्या वेळी मुळाची लांबी काचेबाहेरून पट्टीने मोजावी, वहीत नोंदवावी आणि काय बदलले ते एका वाक्यात लिहावे. पाचव्या दिवशी धाडस करायचे असेल, तर दुसऱ्या एका ग्लासात रुजलेले बी आडवे फिरवून लावावे. मुळाचे टोक पुन्हा खाली वळताना दिसते, आणि पुस्तकातली गुरुत्वानुवर्ती हालचाल मुलांच्या डोळ्यांसमोर घडते.

जोडणी आणि निवेदन

छायाचित्रे संगणकावर घेऊन ओपनशॉटसारख्या चित्रफीत जोडायच्या मोफत प्रणालीत क्रमाने लावावीत. निवेदन मात्र चित्रे एकदा सलग पाहिल्यानंतरच लिहावे. सुरुवातीच्या सहा चौकटी आणि रोजची वही समोर ठेवून ‘आम्हाला वाटले होते आणि झाले वेगळेच’ अशा मुद्द्यांवर ऐंशीएक शब्द लिहिले, की ४८ सेकंदांत ते सावकाश वाचून होतात. पडद्यावर जे दिसतेच आहे, ते पुन्हा सांगणारी वाक्ये खोडावीत. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा आणि मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. पार्श्वसंगीतासाठी चित्रपटगीत उचलू नये, कारण त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. वाटी, डफ, टाळ्या किंवा मुलांचे गुणगुणणे पुरेसे असते, आणि ते त्यांचे स्वतःचे असते. शेवटी श्रेयनामावलीत पाणी घालणाऱ्याचेही नाव यावे.

सर्व मूळ छायाचित्रे तारखेच्या फोल्डरमध्ये जपून ठेवावीत. पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच अंतराने, त्याच उजेडात आपले बी रुजवील, तेव्हा दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी लावून कोणते मूळ आधी फुटले, हे त्यांना पाहता येईल.